दाराबाहेरचे बाबा

आईने हौसेने आणलेलं चिकू नावाचं इवलंसं कुत्रं रात्री पिंजऱ्यात ठेवलं की थरथर कापायचं. मी माहेरी गेले असताना एकदा रात्री पाणी प्यायला उठले, तर बाबा पिंजऱ्याशेजारी फरशीवर आडवे झालेले. गुडघे दुखतात म्हणून पाटावरही न बसणारे माझे बाबा! गजांतून दोन बोटं आत घालून ते पुटपुटत होते, "मी आहे ना इथे. झोप हं, राजा."

राजा! लहानपणी मी अंधाराला घाबरून रडायचे, तेव्हा शेजारच्या खोलीतून बाबांचा नुसता आवाज यायचा, "झोप मुकाट्याने." त्या एवढ्याशा जिवाचा मला हेवा वाटला आणि त्याची लाजही वाटली नाही.

"माझ्यापाशी नाही कधी बसलात असे," मी बोलून गेले.

बाबांनी बोटं तशीच गजांतून आत ठेवली. मग म्हणाले, "तुझं रडणं थांबेपर्यंत दाराबाहेर उभा असायचो. आत आलो तर लाडावशील, असं वाटायचं."

ऐकून बरं वाटलं, नाही असं नाही. पण दाराबाहेरचे बाबा मला कधी दिसलेच नव्हते. चिकूच्या नाकाशी मात्र त्यांची बोटं होती, आणि तो शांत झोपला होता.