डबा रिकामा परत करा

कोरोनात हॉटेल बंद पडलं आणि मालकानं आम्हा आचाऱ्यांना फोनवरच कळवलं, उद्यापासून येऊ नका. केस काळे होते तेव्हापासून मी हॉलंडात, हेगच्या त्या हॉटेलात कढई सांभाळत होतो. पेन्शनला अजून अवकाश होता.

बायको म्हणाली, सरकारकडे बेकारीच्या भत्त्याचा अर्ज करा. मी म्हणालो, नाही. शाळा चौथीत सुटली, पण आजवर बसून कुणाचं खाल्लेलं नाही. गाठीला पैसे होते. साताऱ्याकडे, तिच्या बहिणीच्या शेजारी, दोन खोल्या बांधून म्हातारपणी राहायचं म्हणून साठवलेले. म्हटलं, त्यातून भागवू, हॉटेलं काय जन्मभर बंद राहतात होय.

हॉटेलं काही उघडेनात. हेगला लागूनच असलेल्या रायस्वाइकच्या आमच्या घराचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला जायचं. एक दिवस भाकरी थापता थापता, हात न थांबवता ती म्हणाली, "अहो, मागायची लाज वाटते तुम्हाला. मग माझं घर खायला नाही वाटत?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. भत्ता म्हणजे भीक नव्हे, तुमच्या कामावर मालक त्याचाच हप्ता भरत होता, हेही तिनं सुनावलं. दुसऱ्या दिवशी अर्ज केला. उशीर केला म्हणून भत्त्याला थोडी कात्री लागली, ती मुकाट्यानं सोसली. एक मात्र मनाशी पक्कं केलं. विचारतील ते खरं सांगायचं.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचं पुण्याचं जोडपं तापानं झोपलं. दोघंही कॉम्प्युटरवाली, घरात मऊ भात करून घालायला कुणी नाही. मी त्यांच्या दारात डबा ठेवून यायला लागलो. मग शेजारच्या इमारतीतून फोन आला, मग आणखी कुणाचा. हाताला काम मिळालं, मला बरं वाटलं.

डबे घासून परत यायचे, पण रिकामे कधी नाहीत. कुणी साखर घालायचं, कुणी दोन संत्री, कुणी आईनं पाठवलेला गोडा मसाला. आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. एकानं नोटा घातल्या. त्या मी दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यातून परत पाठवल्या.

महिन्यात काही काम केलं का, हे भत्त्याच्या ऑफिसला दर महिन्याला कळवावं लागे. वरच्या जोडप्यातली पोरगी बरी झाली होती, तीच मला तो फॉर्म भरून द्यायची. म्हणाली, "काका, डब्यांचं कशाला लिहायचं? ते काय काम आहे?"

"पहाटे उठून कांदा चिरतो, ते काम नाही तर काय आहे? लिही."

झालं, ऑफिसातून फोन आला. बाई भली होती, मला कळावं म्हणून डच सावकाश बोलत होती. पैसे घेता का? नाही. बदल्यात काही मिळतं? मी म्हणालो, मिळतं. साखर, संत्री, मसाला. बायकोनं कपाळावर हात मारला. मी बाईला भांड्याची रीत सांगितली, माझ्या डचमधून तिच्यापर्यंत किती पोचली देव जाणे. शेवटी ती म्हणाली, शेजाऱ्यांना जेवू घालायला हरकत नाही, पण बदल्यात रोज वस्तू घेतल्या तर ती कमाई धरावी लागेल आणि भत्त्यातून कापावी लागेल. शिवाय नोकरी आली तर डबे सोडून जावं लागेल.

"नोकरी आज द्या, आजच निघतो," मी म्हणालो.

संध्याकाळी सगळ्यांना निरोप दिला. डबा रिकामा परत करा, नाहीतर उद्यापासून बंद. सगळ्यांनी ऐकलं, वरची पोरगी ऐकेना. काकांना रिकामा डबा दिला हे आईला कळलं तर ती फोनवरूनच सोलून काढेल, म्हणे. जिन्यात उभं राहून आमची बरीच हुज्जत झाली. मी विचारलं, तुझी आई देते का मला भत्ता? तेव्हा कुठे जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा डबा आला. झाकण उघडलं तर तळाला साखरेचे चार दाणे.

"आता हेही कळवणार?" बायकोनं विचारलं.

"कळवणार."

तिनं बोटानं ते दाणे टिपले, तोंडात टाकले आणि डबा माझ्या हातात दिला. "घ्या. रिकामा."

साताऱ्याच्या पैशांना त्यानंतर आम्ही हात लावला नाही. ते चार दाणे मात्र मी त्या महिन्यात त्या पोरीकडूनच लिहवून घेतले.