दगडावरचा शेंदूर

टिटवाळ्याला आमच्या नाक्यावर पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगड आहे. त्यात शेजारच्या काकांचे पणजोबाही आहेत. काकांना स्वस्थ बसणं माहीतच नाही. रोज सकाळी काथ्याने दगड घासायचे. कुणी बाई कुंकू वाहायला लागली, की खेकसायचे, “देव नाय गो तो, आपली मानसा हायेत!”

मध्यंतरी रस्ता रुंद करायला जेसीबी आला. मी काकांना सांगायला धावलो, तर ते दगडापाशीच होते, त्याला तेल-शेंदूर फासत. ड्रायव्हरने चपला काढून हात जोडले आणि मशीन मागे घेतलं.

आता तिथे नारळ फुटतात. काका अजूनही काथ्या घेऊन येतात, शेंदरावरून पणजोबांचं नाव चाचपतात आणि खरवडायला न धजता तसेच परत जातात.