निवडीआधीचा फ्लेक्स

आमच्या घरी गोल्फ बघतात, हे हिंगोलीत कोणाला सांगायची सोय नाही. लोक आधी हसतात, मग विचारतात, "साहेब लोकायचा खेळ तो, तुमी काहून बघता?" आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत छावणीतल्या मैदानावर साहेबांना खेळताना बघून त्यांना हे वेड लागलं आणि पेन्शनसोबत ते घरी आलं. सुरुवातीला मी फार चिडायचे. एक माणूस काठी घेऊन उभा आणि बाकीचे तोंडावर बोट ठेवून बघतायत, यात बघायचं काय? पण पुढे मलाच गोडी लागली. या खेळात पाय ओढायला कोणी येत नाही. चेंडू जागच्या जागी पडलेला असतो, वेळ हवा तेवढा असतो आणि तरीही माणूस चुकतो. ते बघवत नाही आणि उठवतही नाही.

तिसरा प्रेक्षक माझा मोठा भाऊ. तो कुरुंद्याला असतो, हळद करतो. मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस असला की कामं सोडून मोटरसायकलवर हिंगोली गाठतो. खेळ विलायतेत रविवारी होतो, पण आम्ही सोमवारी दुपारी पुन्हा दाखवतात तेव्हा बघतो. तोवर कोणी मोबाइलवर निकाल बघायचा नाही, हा घरातला कायदा.

त्या सोमवारी मात्र माझं निम्मं लक्ष पोरीकडे होतं. बुधवारी तिचं पोलीस भरतीचं मैदान होतं. वयात बसणारी ही शेवटची भरती. गेल्या वेळी धावण्यात ती पहिल्या काही जणींत होती आणि गोळाफेकीत गेली. सरावात जो गोळा सहज लांब जायचा, तो त्या दिवशी पायाशी पडल्यासारखा पडला. दोन वेळा तर वर्तुळाबाहेर पाय गेला. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, पण गल्लीनं तिच्या वतीनं बोलून घेतलं, "पोरीनं ऐन वक्ताला कच खाल्ली." तेव्हापासून हा शब्द कोणी काढला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

टीव्हीवर तीन दिवस पुढे असलेला एक तरुण खेळाडू होता. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं सगळं सुरळीत होतं, मग बिघडायला लागलं. चेंडू एकदा वाळूत गेला, एकदा गवतात. तो सारखा हात पँटला पुसत होता. भाऊ खाटेवर पाय घेऊन बसला होता, तो म्हणाला, "घ्या दाजी. कच खाल्ली गड्यानं."

मी ताटली जरा जोरातच खाली ठेवली. पोरगी दाराशी बसून बुटांच्या नाड्या धुऊन वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"प्रेशर बिशर काही नसतं," आमचे हे म्हणाले. "सराव कमी पडला की माणूस प्रेशरचं नाव घेतो. बंदूक हातात घेतली की हात आपोआप चालला पाहिजे."

"सराव काहून कमी पडल? तीन दिवस कोण खेळलं मग, त्याचा चुलता?" भाऊ म्हणाला. "दाजी, हे काळजाचं काम हाय. एखाद्याचं काळीजच बारीक असतं. त्याला कितीबी घासा, ऐन वक्ताला थरथर करून राहतो."

"दादा, चहा घे," मी म्हणाले. म्हणजे गप्प बस. पण माझ्या भावाला अशा खुणा आजवर कधी कळल्या नाहीत. तो पोरीवर जीव ओवाळून टाकतो. गेल्या मैदानाला पहाटेपासून कुंपणाला लागून उभा होता, पेढ्यांचा पुडा हातात धरून. त्याच्या मनात तिच्याविषयी वावगं काही नव्हतं, तो खरंच फक्त टीव्हीतल्या माणसाविषयी बोलत होता. आमचे हे पण. एवढी दोन जाणती माणसं, आणि घरात कोण बसलंय याचं भान एकालाही नव्हतं. मला दोघांचाही राग येत होता.

"काळीज बारीक नसतं," मी म्हणाले. "आपल्याकडे किती जण डोळे लावून बसलेत हे ज्याला जास्त कळतं, त्याचाच हात थरथरतो. तुम्हा दोघांचा कधी थरथरायचा नाही."

"व्वा," हे म्हणाले. "म्हणजे आमी दगड."

भाऊ हसला. आणि तेवढ्यात पोरीचा मोबाइल वाजायला लागला. एकामागून एक टुणटुण. तिनं हात ओढणीला पुसले, मोबाइल उघडला आणि बघतच राहिली. मी उठून जवळ गेले. कुरुंद्याच्या कोण्या मैत्रिणीनं फोटो पाठवला होता. बसथांब्याजवळ नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागलेले, आणि त्यांच्या रांगेत एक फ्लेक्स माझ्या पोरीचा. खाकी कपड्यात. कपडे कॉम्प्युटरवर चढवलेले. वर मोठ्या अक्षरात, 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून माझा भाऊ, हात जोडून.

"दादा!" माझा आवाज फाटला.

भावानं फोटो पाहिला आणि खाटेवरून पाय खाली सोडले. "ह्याच्या आयला... म्या घडी घालून दुकानातच ठेव म्हणलं होतं. वाढदिवसाच्या कामात ह्या फ्लेक्सवाल्याला नंतर वखत भेटणार न्हाई, म्हणून आधीच करून घेतला. सगळे एकदमच लावले वाटतं पोरायनं." मग पोरीकडे बघून हळूच म्हणाला, "तुझी निवड होणारच हाय की गं."

आमच्याकडे कोणाचं लेकरू तलाठी होवो की फौजदार, फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कोणी धरत नाही. पण होण्याआधी लावणारा माझा भाऊच. मोबाइलवर शुभेच्छांचे निरोप येतच होते. अभिनंदन ताई. पार्टी कधी. मॅडम झाल्या.

टीव्ही चालूच होता. तो तरुण खेळाडू शेवटच्या खड्ड्यापाशी आला होता. चेंडू खड्ड्यापासून जेमतेम हातभर. हा घातला तर बरोबरी, चुकला तर संपलं. आमच्या अंगणात पोरीनंही घातला असता एवढं अंतर. तो वाकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा वाकला. मी मनात म्हणत होते, घाल रे बाबा, घाल, निदान आजच्या दिवस घाल. त्यानं काठी हलवली. चेंडू खड्ड्याच्या कडेला लागून पुढे निघून गेला.

त्या माणसानं टोपीनं तोंड झाकलं. कच खाल्ली, असं या वेळी कोणी म्हणालं नाही. भावानं नाही, यांनी नाही.

बोलली ती पोरगीच. आवाज एकदम शांत, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मामा, मागच्या टायमाला मी तिसऱ्यांदा गोळा उचलला ना, तवा मला गोळा दिसतच नव्हता. तुमच्या हातातला पुडा दिसून राहिला होता. म्हणलं, आता हे पेढे ते घरी कसे नेतील?" ती थांबली. "आता तर आख्खं गाव दिसल."

माझा भाऊ साठीला आला आहे. बोललेला शब्द मागे घेतलेला मी त्याला कधी पाहिला नाही, अगदी जमिनीच्या वादातसुद्धा नाही. तो उठला, चप्पल घातली आणि चहा तसाच ठेवून गाडीला किक मारली. संध्याकाळी भावजयीचा फोन आला. त्यानं स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला होता, आणि थांब्यावर, टपरीवर, जो कोणी अभिनंदन म्हणायचा त्याला सांगत होता, "अजून झालं न्हाई बाबा. माझीच घाई झाली." लोक हसले म्हणे. हसू दे.

पोरीनं अट घातली होती, बुधवारी मैदानावर कोणी यायचं नाही. हे तिला गेटपर्यंत सोडून, परत न येता, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन बसले. फौजी माणूस, हुकूम पाळल्यासारखा दाखवून मोडणार. भाऊ मात्र खरंच गेला नाही. सकाळीच आमच्याकडे आला, रिकाम्या हातानं, आणि मोबाइल मांडीवर ठेवून खाटेच्या कडेला बसला. मी पोळ्या लाटत होते. किती लाटल्या देव जाणे, आमच्या घरात तेवढी खाणारी माणसंच नाहीत.

फोन आला तो त्याला. मला नाही. खरं सांगते, क्षणभर मला लागलं ते. त्यानं उजव्या कानाला धरलेला फोन डाव्या कानाला घेतला. "हां... व्हय... व्हय बेटा." मला त्याच्या तोंडावरून काही उमजेना. मग तो म्हणाला, "न्हाई, बाहेर कोणालाच न्हाई. तुझ्या गळ्याची आण," आणि फोन ठेवला.

"पडला," तो म्हणाला. "पहिल्याच झटक्यात. गोळा पार शेवटच्या, पुऱ्या मार्काच्या रेघेच्या पल्याड पडला म्हणती." लेखी परीक्षा अजून राहिली होती, पण आम्हा सगळ्यांचा जीव मैदानात अडकला होता. मी तिथंच पिठाच्या हातानं खाली बसले. "पण यादी लागूस्तोवर कोणाला सांगायचं न्हाई म्हणती. मला एकट्याला म्हणती, मामा, तुमच्यानं होईल का?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं. बाहेर फाटक वाजलं. शेजारची काकू, जिनं गेल्या वेळी सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं होतं. तिनं अंगणातूनच हाक मारली, "काय हो दादा, काय झालं पोरीचं?"

भाऊ दारात जाऊन उभा राहिला. मला त्याची पाठ दिसत होती. चौकटीला धरलेला त्याचा हात थरथरत होता.

"कायबी कळालं न्हाई अजून," तो म्हणाला.