बिरूनं सोडलेली दावी

जर्मनच्या पहिल्या लढाईत मी निजामाच्या रिसाल्यात सवार होतो. गाव माझं तलवाडा. समुद्र तवर डोळ्यानं बघितला न्हवता. रिसाला आधीच मिसरला, म्हंजे इजिप्तला, गेलता. त्याच्यासाठी घोडे घेऊन आमची तुकडी मुंबईहून मालजहाजावर चढली. जहाजावर तोफ एकबी न्हवती.

घोडे खालच्या मजल्यावर, आखूड दाव्यानं बांधलेले. पाणी, चंदी, खरारा, लीद काढणं, हेच रोजचं काम. माझ्या जोडीला बिरू, घाटनांदूरच्या धनगराचा. तोंडाचा लई फटकळ. आमच्या तुकडीच्या दफेदाराला म्हणायचा, "घोड्याला दोनदा पाणी, मला एकदा. कावून?" दफेदार हसून सोडून द्यायचा.

एका सकाळी एक व्यापारी जहाज जवळ आलं. झेंडा तिसऱ्याच मुलखाचा. आमी हात हलवले. पार जवळ आल्यावर त्यानं जर्मन झेंडा चढवला, बाजूच्या फळ्या पाडून तोफा काढल्या. एक गोळा आमच्या म्होरं पाण्यात पडला. कप्तानानं इंजिन बंद केलं. दुसरा इलाज न्हवता.

त्यांचा अफसर शिपाई घेऊन आला. त्यांनी तळाला सुरुंग लावले. हुकूम झाला, "सगळे होड्यांत उतरा. जहाज बुडवायचं हाय."

दफेदारानं विचारलं, "घोडे?"

अफसरानं नुसती न्हाई म्हणून मान हलवली.

आमच्याकडं मरणारं जनावर दाव्याला ठेवत न्हाईत. जीव जायच्या आत गळा मोकळा करतात. बांधून मेलं तर पाप मालकाला. बिरू शिडीकडं वळला. अफसरानं पिस्तूल रोखलं.

"मार बे," बिरू म्हणाला, आन् खाली उतरला.

अफसरानं गोळी झाडली न्हाई. मी बिरूच्या मागं निघालो, तर दफेदारानं पट्टा धरून मला होडीत ढकललं. मला त्याचा लई राग आला.

सुरुंग उडाले. जहाज कलंडलं. घोडे चढवायला-उतरवायला केलेल्या फळ्यांच्या उतारानं ते वर आले, पाण्यात पडले, पोहू लागले. एकाच्याबी गळ्यात दावं न्हवतं. बिरू वर आला न्हाई. थोड्या वेळानं घोडेबी दिसंनात.

जर्मनांनी आमाला एका बंदरावर सोडलं. तिथं आमाला न्यायला आलेल्या आमच्या गोऱ्या साहेबानं विचारलं, "बिरूनं हुकूम का मोडला?"

मी म्हणालो, "तो हुकूम दुश्मनाचा होता, साहेब. आमचा हुकूम घोडे सांभाळायचा."

साहेबानं वहीत तसंच लिहून घेतलं.

घाटनांदूरच्या बाजारात आजबी कुणी म्हणतं, बिरू येडा, जनावरापायी मेला. मी तिथंच ऐकवतो: आमी सगळे होडीत बसलो होतो. त्या येळी ड्युटीवर एकटा बिरू होता.