मोहोळ उठलं तेव्हा

डॉक्टरांनी नवऱ्याला रोज घाम गाळायला सांगितलं आणि आमच्या घरात गिअरच्या तीन सायकली आल्या. आधी रंकाळ्याच्या फेऱ्या झाल्या, मग पन्हाळ्याचा चढ. मग ह्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर चंदगडकडच्या जंगलवाटांचे फोटो बघितले आणि दिवाळीच्या सुट्टीत तिकडंच जायचं ठरवून टाकलं. मुलगी नववीत होती, ती तर नाचायलाच लागली. मी आपली दोघांच्या मागं.

पहिला दिवस छान गेला. तांबडी वाट, मधे काजूच्या बागा, मग दाट रान. उतार आला की मी खाली उतरून सायकल ढकलायची आणि पोरगी मला हसायची. "अगं, दोन्ही ब्रेक सारखे दाब," हे ओरडून सांगायचे, "नुसता पुढचा दाबलास तर तोंडावर आपटशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आणखी आत शिरलो. वाटेत एक फाटा लागला. डावीकडची वाट खाली डांबरी रस्त्याला जाते, असं मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी सांगितलं होतं. आम्ही सरळ गेलो. हे पुढं, वळणापलीकडं. तेवढ्यात यांची हाक आली. हाक कसली, किंचाळीच.

"मागं फिरा! मोहोळ उठलंय!"

हे वळणावरून पळत आले. सायकल कुठं तरी टाकलेली, डोक्याभोवती काळा धूर असावा तशा माश्या. आम्हाला बघितलं आणि थबकले. आमच्याकडंच येत होते, पण एकदम वळून झाडीत घुसले, आमच्यापासून लांब. माश्या त्यांच्या मागं गेल्या. आम्हा दोघींना चारदोन डंख झाले, तेवढेच.

आवाज थांबल्यावर आम्ही त्यांना शोधत गेलो. ओढ्यात गुडघ्यांवर बसून पाण्यात तोंड घालत होते. डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याच्या फटींत माश्या अडकून घोंघावत होत्या. मी ते ओढून काढलं आणि लांब भिरकावलं. मानेवर, कानांवर, पापण्यांवर काटेच काटे. मी नखांनी खरवडत सुटले.

"झालं, झालं, बरं वाटतंय," असं म्हणाले आणि लगेच ओकले. अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले. आवाज घोगरा झाला, मग नुसता घशातला घुरघुराट. मोबाइलला रेंज नव्हती. मी तो हातात उंच धरून ओढ्याकाठी वेड्यासारखी फिरले, झाडाच्या बुंध्यावर चढले. काही नाही.

मग माझी सायकल वाटेवरून आणून यांना तिच्यावर बसवून न्यायचं ठरवलं. दोघींनी उचलून सीटवर बसवलं, छाती हॅन्डलवर टेकवली. मी एका बाजूनं, पोरगी दुसऱ्या बाजूनं. चार पावलं गेलो नसू, धिप्पाड माणूस सगळा माझ्या अंगावर कोसळला. तिघंही सायकलसकट खाली. परत उचलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. दगडावर थापा मारून मी रडले. देवाला नाही नाही ते बोलले.

पोरगी म्हणाली, "मम्मी, मी जाते. त्या फाट्यावरनं खाली."

एकटी? या रानात? पण मी गेले तर तिला बापाजवळ सोडावं लागणार होतं, आणि बापाचं काय होणार ते मला दिसत होतं. उतारावर मी चालत जाणार, ती उडत. ह्यांनी सुजल्या डोळ्यांनी बघितलं आणि मान हलवली. नको, अशी.

"जा," मी म्हणाले. ती गेली.

त्यानंतरचा वेळ मी सांगू शकत नाही. यांचं डोकं मांडीवर घेऊन मी श्वास ऐकत होते. एक आला की दुसऱ्याची वाट. मधेच पोरीचा विचार यायचा, तो ढकलून द्यायची. दोघांतला एकही वाचणार नाही, दोघांना मीच घालवलं, असं वाटायचं. मी पोरीचं नाव घेऊन हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

आली ती माणसांची हाळी. दुधाचे कॅन नेणारी पिकअप पोरीनं रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली होती. तिच्या मागोमाग ड्रायव्हर आणि त्याच्या सोबतचा एक जण ताडपत्री घेऊन धावत आले.

"ताई, पायाकडनं धरा. पावणं, ओ पावणं! डोळं उघडा की! झोपायचं न्हाय!"

गाडी फाट्यापर्यंत वर आणली होती. कॅन तिथंच उतरवून यांना मागं झोपवलं. सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारपूस न करता आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग नाकावर ऑक्सिजन लावला. घुरघुर हळूहळू कमी झाली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

हे वाचले. चेहरा आठवडाभर ओळखू येत नव्हता.

पोरगी मात्र गप्प झाली. डिसेंबरात एकदा मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा माझ्याकडं पाठ करूनच ती बोलली. त्या उतारावर मधोमध गवा उभा होता. एकटा, भला मोठा. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला घळ. तिला मागं फिरता येत नव्हतं, पुढं जाता येत नव्हतं.

"मग काय केलंस?"

"उभी राहिले. मनात म्हणत होते, जा ना रे, माझे पप्पा मरायला लागलेत. तो बघत राहिला. मग गेला."

माझा हात तिच्या डोक्यावर तसाच थांबला. ती म्हणाली, "मम्मी, तेल डोळ्यात येतंय." मी पदरानं तिचं कपाळ पुसलं.