स्टँडबाय डायव्हर सुरेंद्रन

लक्षद्वीपच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी भिवंडीजवळ वडप्याला घरी सुट्टीवर होतो. मी नेव्हीत डायव्हर होतो. आईला सांगितलं, आता समुद्राच्या तळाशी काम आहे. ती म्हणाली, "पान्याखाली काय हाय बगायला?" मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या भिवंडीच्या खाडीत हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत.

तिकडे डायव्हिंगचा सीझन पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यात समुद्र खवळू लागला की संपतो. पहिल्याच डाइव्हला मी काम विसरून बघत राहिलो. पोवळ्यांचा अख्खा डोंगर पाण्याखाली उभा होता. जांभळा, पिवळा, शेवाळी. पोपटमासे पोवळं कुरतडत होते आणि त्याचा करकर आवाज स्पष्ट कानावर येत होता. डोक्यावरून एक पाकट मासा गेला, आमच्या अंगणाएवढा. आनंदाने ओरडलो, तर तोंडातून नुसते बुडबुडे आले. लाइफलाइनला, म्हणजे बोटीपासून माझ्या कमरेपर्यंत बांधलेल्या दोरीला, वरून झटका बसला. ठीक आहेस ना, असा त्याचा अर्थ.

वर बोटीत चीफ पेटी ऑफिसर नेगी सुपरव्हायझर असत. माझा स्टँडबाय लीडिंग सीमन सुरेंद्रन, कोल्लमचा. मी खाली असलो की त्याने पूर्ण सेट चढवून बोटीच्या काठावर बसायचं. मला काही झालं तर उतरायचं. महिनोन्महिने त्याला त्यासाठी उतरावं लागलं नाही. संध्याकाळी तो मला माशांची मल्याळी नावं शिकवायचा आणि माझे उच्चार ऐकून हसायचा.

मार्चमध्ये मासेमारीचं एक जुनं जाळं वाहत येऊन खडकाला अडकलं. बोटींचे पंखे त्यात गुंतू लागले. ते कापायला मी उतरलो. जाळ्यात एक कासव जिवंत होतं, फडफडत होतं. त्याला सोडवायला मी जाळ्याखाली शिरलो आणि तेवढ्यात प्रवाह फिरला. जाळं माझ्यावर बसलं. सिलिंडर अडकला, लाइफलाइन गुंतली, सुरी हातातून सुटली. दोरीला झटके दिले, ते वर पोचलेच नाहीत.

वर काय झालं ते नंतर कळलं. चीफनी दोरीला झटका देऊन विचारलं, उत्तर आलं नाही. त्यांनी जहाजाला रेडिओवर कळवलं, "डायव्हर नॉट आन्सरिंग." मग सुरेंद्रनला एकच शब्द, "गो."

हवा ओढताना जड जात होती. तेवढ्यात तो समोर आला. आधी माझा हवेचा गेज पाहिला, मग स्वतःचा जास्तीचा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला. मी पोटभर श्वास घेतला. त्याने सिलिंडरभोवतीचं जाळं कापलं, मग पाय मोकळे केले. मी वर निघण्याची खूण केली. त्याने नाही म्हणून मान हलवली, दोन हात मागे जाऊन कासवाचा पंजा सोडवला. कासव बाणासारखं निळ्या पाण्यात गेलं.

बोटीत चीफ आम्हा दोघांवर भरपूर बरसले. ते थांबल्यावर सुरेंद्रन मला म्हणाला, "तेरा कछुआ थँक्यू बोले बिना गया." मी इतका हसलो की चीफ पुन्हा बरसले.

पुढच्या पावसाळ्यात किनाऱ्यावर मोठा पूर आला, आमच्या टीम मदतीला पाठवल्या, आणि एक बस नदीत गेली. मी दुसऱ्या टीमला होतो. हे चीफनी सांगितलं. सुरेंद्रनने बसमधून दोन माणसं वर आणली. पाणी चढत होतं, चीफ थांब म्हणाले. तो म्हणाला, "चीफ, एक और है," आणि गेला. झटके आले, दोरी ओढली. त्याने स्वतःची सोडलेली दोरी एका बाईला बांधलेली होती, ती जिवंत. सुरेंद्रन नव्हता. त्याचा देह दुसऱ्या दिवशी सापडला.

मी कोल्लमला त्याच्या घरी गेलो. वडील मासेमार. मी सगळं हिंदीत सांगितलं, त्याच्या बहिणीने त्यांना मल्याळीत सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, त्या बाईचं नाव काय.

"शांता," मी म्हणालो.

त्यांनी ते नाव हळूच दोनदा उच्चारलं.