सुकाणू समुद्राकडे

आता माझी अब्रू माझ्याच तोंडानं काढायची, तर निदान चहा तरी गरम द्या!

मी मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडली. मास्तरांना काही येत नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. मग आबाकाकांच्या मोटारीवर जाऊन पडलो. ही मोटार दिघीच्या धक्क्यावरून बोर्ली पंचतनला उतारू नेते. तेव्हा ती इतकी खिळखिळी होती, की हातातलं चाक पाव वेढा फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नसे!

आबाकाकांचं निदान काय? "दृष्ट लागलीय. नारळ फोडा."

सहा नारळ फुटले. मोटार झोकांड्या खातच राहिली. म्हातारी माणसं एकदा चुकली की तेच पुन्हा पुन्हा करतात आणि त्याला अनुभव म्हणतात!

"काका, सुकाणूच्या पेटीतले दाते झिजलेत. नवी पेटी मागवा."

"आणि तरीही चाकात ढील राहिली तर?"

"तर सोमवारपासून, तुम्ही म्हणता तशी, मामलेदार कचेरीत कारकुनी करीन!"

त्या कचेरीपेक्षा मला काळं पाणी परवडलं असतं.

नवी पेटी मुंबईहून बोटीनं आली. चार दिवस मी मोटारीखाली उताणा. या पेटीतून एक दांडा निघतो, तो पुढची चाकं वळवतो. तो कसा बसवायचा? जुनी पेटी बाकावर होती, तिच्याकडे बघून बसवला. हुबेहूब!

मोटार ठेवायची आमची छपरी दिवेआगरच्या किनाऱ्यावरच्या पुळणीला लागून. ओहोटी बघून मोटार सरळ वाळूवर काढली. मागे काका छत्री घेऊन. शेजारी राघो तांडेल. उभा जन्म मचव्याचं सुकाणू धरण्यात गेलेला, हौसेनं चढलेला.

"बघा काका, आहे का ढील?"

खरंच नव्हती! फक्त मोटार जराशी समुद्राकडे कलली. मी चाक जमिनीकडे वळवलं. ती आणखी समुद्राकडे. मी आणखी वळवलं. ती आणखी!

"गाढवा, पाण्यात चाललास!"

"गप्प बसा काका! मी जमिनीकडेच वळवतोय!"

आणि वळवतच होतो, दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. ब्रेक? छे! ब्रेक दाबणं म्हणजे काकांपुढे हार मानणं. पहिली लाट थेट काकांच्या धोतरावर आली.

"सर पोरा बाजूला," राघो तांडेल म्हणाला. "होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडं लोटला का होडी उजवीकडं जाते. हिचं बी तसंच हाय."

त्यानं चाक सरळ समुद्राकडे फिरवलं, आणि मोटार गुणी बाळासारखी कोरड्या वाळूवर आली.

मी खाली शिरून पाहिलं. पेटीचा दांडा जमिनीकडे लोंबायला हवा, तो आभाळाकडे उभा; म्हणून चाकं उलटी वळत होती! बाकावरची जुनी पेटी पालथी होती. ठेवली कुणी? मीच.

"तासाभरात सुलटा करतो," मी म्हणालो.

"हात लावशील तर याद राख!" काका धोतर पिळत ओरडले. "ढील गेली ना? आणि चालवणाराही सापडला!"

तर कारकुनी टळली, पैज मी जिंकली. राघो तांडेल मोटार हाकतो, आणि मी शेजारी बसून भोंगा दाबतो.

तोही, तो सांगेल तेव्हाच.